हळदीची रेघ

"अगं, उपाध्ये आलेत. पाणी आण," अप्पांनी बाहेरच्या खोलीतून हाक दिली. मी मागच्या दारी मोरीवर पाय धुवायला गेले होते. तिथं कडेनं हळदीची जाड रेघ ओढलेली दिसली, म्हणून थबकले. रांगोळीची ओढावी तशी ती सरळ होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

आई तिथंच उकिडवी बसली होती. हातात मऊ कुंचा. रेघेच्या आत चुकून आलेल्या मुंग्या ती कुंच्यानं हलकेच कागदावर घेत होती.

"हे काय गं?"

"मुंग्या लागल्यात."

"मोरीला? इथं काय ठेवलंय त्यांच्यासाठी?"

"गोड असंल तिथं लागणारच की," आई म्हणाली. कागद जास्वंदीच्या बुडाशी नेऊन तिनं मुंग्या सोडल्या, हात धुतले आणि तांब्या घेऊन आत गेली.

मला त्यात नवल वाटलं नाही. आम्ही जैन. आमच्या घरी झुरळसुद्धा सुपात धरून बाहेर पोहोचवलं जायचं. त्यातही आई जास्तच. तांदूळ निवडताना अळी सापडली तर तिला तांदळाच्या दोन दाण्यांसकट बागेत नेऊन ठेवायची. अप्पा म्हणायचे, "अळीला डबा भरून देते ही. मला कधी दिला नाही एवढ्या मायेनं." हे अर्थातच खोटं होतं. चौतीस वर्षं तिनं त्यांचा डबा भरला होता, आणि एकही दिवस तो उशिरा निघाला नव्हता.

अप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, कुपवाडला पंपांच्या कारखान्यात फोरमन होते. पुढच्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होते. उपाध्ये विम्याचं काम करायचे. कारखान्यातल्या लोकांच्या आजारपणाच्या विम्याचं सगळं त्यांच्याकडंच असे. निवृत्तीनंतर कुठला विमा घ्यायचा ते ठरवायला ते रविवारी घरी येणार म्हणून आईनं मला मुद्दाम कोल्हापुरातून बोलावून घेतलं होतं. मी तिथं शाळेत शिकवत होते.

मुद्दाम का, ते मला आदल्या दिवशी दुपारी कळलं होतं. अप्पा झोपले होते. आईनं माझा हात धरला, माजघरात नेलं, दार लोटलं आणि माझी बोटं स्वतःच्या काखेजवळ, छातीच्या कडेला टेकवली. सुपारीएवढी गाठ.

"कधीपासून?"

"झालं की थोडे दिवस."

"उठ. आत्ताच्या आत्ता मिरजेला जाऊ."

"जाऊ. उद्या उपाध्ये येऊन जाऊ देत. विम्याचं काय ते ठरू दे, मग जाऊ."

"अप्पांना सांगितलंस?"

"न्हाई. आणि तू पण सांगायचं न्हाई. तुला माझ्या गळ्याची शपथ हाय, तिशला." त्रिशला हे नाव तिनंच हौसेनं ठेवलं होतं, उच्चारायला तिला कधी जमलं नाही. "काय लागलंय ते न सांगता ते मला विम्यात घेत्यात का, ते मला बघायचंय."

मला तेव्हा तिचा राग आला. असली परीक्षा बघायची ही काय वेळ होती? पण शपथ घालून बसली होती, आणि आईची शपथ मोडण्याचं धाडस माझ्यात तेव्हा नव्हतं, आजही नाही.

बाहेर उपाध्यांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. सडपातळ, मृदू बोलणारा माणूस. कागद न काढताच त्यांनी सुरुवात केली.

"साहेब, दोन रस्ते आहेत. एक कारखान्याची योजना, निवृत्त लोकांसाठीची. ती जोडीनंच घ्यायची, नवरा-बायको दोघं. एकट्याला मिळत नाही. हप्ता जड आहे, ते मी लपवत नाही."

"जड म्हणजे जवळजवळ दुप्पट," अप्पा म्हणाले. त्यांनी चौकशी करून ठेवलेली होती.

"दुसरा रस्ता बाहेरच्या कंपनीचा. तिथं तुमची एकट्याची घेता येते. हप्ता हलका, रक्कम मोठी, दवाखान्यात स्वतंत्र खोली. पण ते आधी तपासणी करतात. रक्त, लघवी, सगळं. त्यांना पटलं तर घेतात."

"होऊ दे की तपासणी. मी काय भितोय?" अप्पांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "चौतीस वर्षांत एक सिक लीव्ह न्हाई. रेकॉर्ड बघा. आणि हे बघा," त्यांनी उभं राहून पँटचा पट्टा दोन बोटांनी पुढं ओढून दाखवला. "वर्षात पोट उतरवलंय. सुनेनं न्हाई, डॉक्टरनं न्हाई, माझं मी."

"सून कुठाय आपल्याला अप्पा?" मी म्हणाले.

"म्हणून तर म्हणतोय, सुनेनं न्हाई." ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "जरा आलोच," म्हणून मागच्या दारी जाऊन आले, येताना तांब्याभर पाणी पिऊन आले आणि पुन्हा बसले.

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं पदर खांद्यावर नीट घेतला.

"उपाध्येभाऊ, ती कारखान्याची जी हाय, तिच्यात तपासणी नसती न्हवं?"

"अजिबात नाही वहिनी. रक्ताचा थेंब काढत नाहीत. आधीचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. तोच तर तिचा फायदा. फक्त निवृत्तीच्या आत, एकतीस तारखेपर्यंत हो म्हणायचं. एकदा नको म्हटलं की पुन्हा आत घेत नाहीत."

"म्हंजे अंगात काय असलं, न्हवऱ्याच्या न्हाईतर बायकोच्या, तरी चालतंय."

"चालतंय."

आई अप्पांकडं वळली. "मग तीच घ्या. दोघांची."

अप्पांनी उपाध्यांकडं बघून डोळे मिचकावले. "बघा. रिटायर व्हायच्या आधीच बायको खर्चाला लागली." मग आईकडं न बघताच म्हणाले, "तुला काय धाड भरलीय?"

हे त्यांचं नेहमीचं. आईचं डोकं दुखलं, काय धाड भरलीय. ताप अंगावर काढून ती भाकऱ्या थापत असली, की पाहुण्यांना सांगायचे, हिला काय धाड भरत नाही, लोखंडाची आहे. पाहुणे हसायचे. आईही हसायची. आम्ही सगळेच त्या वाक्यावर इतकी वर्षं हसत आलो होतो, की ते लागत असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. त्या दिवशी मात्र माझ्या बोटांना ती गाठ आठवत होती.

"अप्पा, दोघांचीच घ्या," मी म्हणाले. "वरचा हप्ता मी भरते."

त्यांचा चेहरा आवळला. "पोरीच्या पैशानं दवाखाना? अजून हात-पाय धडधाकट हायेत माझे."

"तुमचा नाही, आईचा भाग मी—"

"तिला काय झालंय ते सांग की आधी. काय झालंय?" त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं.

मी आईकडं पाहिलं. तिनं मान हलवली नाही की डोळे वटारले नाहीत. नुसता स्वतःच्या गळ्याला हात लावला, मंगळसूत्र सारखं करावं तसा.

"काही नाही," मी म्हणाले.

"मग झालं तर."

उपाध्यांना अवघडल्यासारखं झालं असावं. ते म्हणाले, "साहेब, मी माझ्या तोंडानं सांगू नये, बाहेरची घेतली तर मला दोन पैसे जास्त सुटतात. पण माझा भाऊ असता तर मी त्याला कारखान्याचीच घ्यायला लावली असती. या वयात दोघांचं बघावं."

"तुमचा भाऊ आजारी असंल," अप्पा म्हणाले.

मग आईनं जे केलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ती चौकट सोडून आत आली आणि परक्या माणसासमोर अप्पांच्या शेजारी, पलंगाच्या कडेला बसली. अगदी हळू म्हणाली, "मी आजवर तुमच्याजवळ काय मागितलं न्हाई. पाटल्या न्हाई, जागा न्हाई. एवढं घ्या. मी मागतोय म्हणून घ्या." आमच्याकडं बायकाही 'मी करतो, मी मागतो' असंच बोलतात, पण त्या दिवशी तो शब्द मला निराळा ऐकू आला.

अप्पांनी खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, आता हो म्हणतील. उपाध्यांनाही वाटलं असणार, कारण त्यांनी बॅगेची चेन ओढली.

"ह्या वयात हट्ट शोभत न्हाई, पद्मा," अप्पा म्हणाले. "तुझ्या नावानं दर वर्षी एवढे पैसे पाण्यात घालायचे, आणि तुला शिंकसुद्धा यायची न्हाई. उपाध्ये, बाहेरचीच काढा. माझ्या एकट्याची. आणि कारखान्याची नको म्हणून आत्ताच सही घ्या, म्हंजे ही रोज कटकट करणार न्हाई."

त्यांनी सही केली. मोठ्या, वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा मारून, पंपावर शिक्का मारतात तशी.

"बरं," आई म्हणाली. उठली. "दिवस मावळायच्या आत जेवून घ्या. उपाध्येभाऊ, तुम्ही पण बसा. पोळ्या गरम हायेत."

जेवताना तिनं अप्पांना गुळाची पोळी वाढली. दुसरी वाढली. तिसरीही वाढली, वर तूप सोडून. ते नको नको म्हणत खात होते. आग्रह करताना तिचा आवाज इतका साधा होता, की मला वाटलं, विसरली बिचारी. किती सोसते, असं मनात आलं आणि मला अप्पांचा संताप आला, तिचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला मिरजेच्या एका धर्मादाय दवाखान्यात घेऊन गेले. गाठ काढली, तपासायला पाठवली, ती वाईट निघाली. पण वेळेत निघाली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढच्या उपचारांना आईच्या हातातल्या माहेरच्या पाटल्या गेल्या, माझी भिशी गेली. अप्पांना दवाखान्यातच सांगावं लागलं. कॉटच्या पायथ्याशी ते उभे राहिले. मग म्हणाले, "एवढं होतं तर बोलायचं न्हाईस?"

आई म्हणाली, "बोललो की. मागितलं न्हाई का?"

अजून एकतीस तारीख उजाडायची होती. मी उपाध्यांना फोन केला. नकाराची सही झाली ती झाली, म्हणाले. तो कागद वर पोचलासुद्धा, तरी विचारून बघतो. दोन दिवसांनी त्यांनीच फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांचाही आवाज उतरला होता.

निवृत्तीच्या समारंभात अप्पांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणात त्यांनी सिक लीव्हचा किस्सा सांगितला आणि टाळ्या घेतल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, कारण केस जायला लागले होते.

नंतरच्या आठवड्यात उपाध्ये पुन्हा आले. या वेळी पाणीही मागितलं नाही.

"साहेब, बाहेरच्या कंपनीनं नाही म्हटलंय."

"काय नाही म्हटलंय?"

"तुम्हाला घेत नाहीत. तपासणीत साखर फार निघाली. तेवढंच असतं तर हप्ता वाढवून घेतलं असतं. पण दोन्ही मूत्रपिंडांवर परिणाम झालाय म्हणतात. आजचं नाही हे, वर्ष दोन वर्षांचं असणार." त्यांनी आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? तहान, सारखं बाहेर जाणं, वजन उतरणं?"

"अदलाबदल झाली असंल कुणाच्या तरी बाटलीची," अप्पा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. त्यांचा हात आपोआप पँटच्या सैल पट्ट्याकडं गेला होता. "मग कारखान्याची घाला. दोघांची घाला. हिची पण घ्या, किती का हप्ता असंना."

"ती गेली साहेब. मी वहिनींसाठी विचारून बघितलं होतं. दार बंद झालं ते झालं."

अप्पांनी भिंतीवरच्या नव्या घड्याळाकडं पाहिलं. मग लहान मुलासारखे आईकडं वळले. घाबरलेले अप्पा मी कधी पाहिले नव्हते. कितीही राग असला तरी माझं काळीज हललं.

"अगं, आता काय करायचं?"

आई रुमाल बांधलेलं डोकं थोडं कलतं करून त्यांच्याकडं बघत होती. मग हसली. त्यांच्याच सुरात, त्यांच्यासारखाच हात उडवून म्हणाली, "तुम्हाला काय धाड भरलीय?"

उपाध्यांना वाटलं, वहिनी धीर देताहेत. "बरोबर आहे," ते म्हणाले. "वहिनींसारखं हसत राहायचं साहेब." अप्पा हसले नाहीत. त्यांना कळलं असावं; नक्की किती कळलं ते मला आजही सांगता येणार नाही.

मी आईच्या मागोमाग मागच्या दारी गेले. तिनं खराटा घेतला होता आणि मोरीच्या कडेची हळदीची रेघ झाडून काढत होती. पाण्याची बादली ओतली. पिवळा ओघळ मोरीतून निघून गेला. अप्पा रात्री-अपरात्री संडासापर्यंत जायचा कंटाळा करून इथंच उभे राहायचे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. गोड असेल तिथं लागणारच की.

"आई, तुला माहीत होतं."

"वर्ष झालं असंल. आधी रेघभर यायच्या, मग रांगाच रांगा."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोललो. अगदी सुरवातीलाच बोललो. बस्तीतली चार माणसं घरी जेवायला आलेली, आत बोलावून हळूच सांगितलं, डॉक्टरला एकदा दाखवून या. ते बाहेर जाऊन सगळ्यांना सांगून हसले. हिला मुंग्यांची भाषा कळायला लागली म्हणाले." बस्ती म्हणजे आमचं मंदिर, तिथली माणसं म्हणजे तिचं सगळं जग. "पुन्हा एकदा सांगितलं. तर म्हणाले, तू डॉक्टर कधीपासून झालीस. मग मी हळद घालायला लागलो. मुंग्या पाण्यात मरायला नकोत."

"पण उपाध्ये आले तेव्हा? तेव्हा तरी सांगायचं होतंस."

"विचारलं की मी, तपासणी नसती न्हवं. तुझ्यासमोरच विचारलं." तिनं खराटा भिंतीला उभा केला. "मला एकदा घेतलं असतं, तर त्यांचं पण झालं असतं. दोघांचं एकातच होतं. त्यांनी नको म्हटलं, मी काय करू?"

"आणि नंतर? पोळ्या कशाला वाढल्यास त्यांना, गुळाच्या?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ती रडेल. "आवडत्यात त्यांना," ती म्हणाली आणि बादली पालथी घालून आत गेली.

अप्पा त्यानंतर चार-पाच वर्षं होते. औषधं, पथ्य, मग मशीनवर रक्त शुद्ध करून घेणं, हे सगळं खिशातून. आधी निवृत्तीचे पैसे गेले, मग विश्रामबागेतला प्लॉट गेला. आईचं दुखणं बरं झालं, केस परत आले, पूर्वीपेक्षा दाट. अप्पांना मिरजेला नेण्याची एकही पाळी तिनं चुकवली नाही. रिक्षा तीच ठरवायची, उशी तीच द्यायची, मीठ नसलेली आमटी तीच करायची. ते कण्हायला लागले की ती जवळ जाऊन बसायची आणि कपाळावरून हात फिरवत तेच म्हणायची, काय धाड भरलीय तुम्हाला. नर्सना ती जोडी फार आवडायची. शेवटी शेवटी तर ती नुसती जवळ आली तरी अप्पा तोंड भिंतीकडं करायचे. मी बघत बसायचे. मला दोघांचीही भीती वाटायची आणि दोघांबद्दलही वाईट वाटायचं, आणि कुणाच्या बाजूनं उभं राहावं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ते गेले त्या दिवशी बस्तीतल्या बायका आईभोवती जमल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी माझा हात हातात घेऊन म्हणाली, "पुण्यवान हाय बाई तुझी आई. नवऱ्याचं एवढं केलं. आयुष्यात मुंगीला दुखावलं न्हाई तिनं."

मी हो म्हणाले. ते खोटं नव्हतं.